ल्वार नदीकाठी सायकलवरून: पैसे कशावर घालावेत, कशावर नको

आधी निकाल सांगतो, कारणं नंतर. फ्रान्समधल्या ल्वार नदीच्या काठानं ब्ल्वा ते आँजे असा सायकलप्रवास मी आणि आमच्या सौ.नी गेल्या सप्टेंबरात केला. रस्ता, रस्त्यावरच्या खुणा, रेल्वे आणि मुक्कामाची सोय या चार गोष्टींना माझ्याकडून पैकीच्या पैकी. भाड्याच्या सायकलीला त्याच्या खालोखाल. ज्या कंपनीकडून सगळं बांधून घेतलं तिला निम्मे गुण. आणि महाल बघावेत, पण निवडून. सगळे बघायला गेलात तर नदी बघायची राहून जाते, आणि या प्रवासात खरी किंमत नदीची आहे.

मी बेळगावच्या शहापुरात सायकलचं दुकान चालवतो. वडिलांच्या काळात तासाच्या हिशोबानं सायकली भाड्यानं जायच्या, आता दुरुस्ती आणि थोडी विक्री. त्यामुळं माझी नजर पहिल्यांदा चाकावर जाते, मग महालावर. जूनमध्ये शाळा सुरू होतात तेव्हा दुकान सोडता येत नाही, आणि गणपतीत बेळगाव सोडून जायचं तर मनच होत नाही. विसर्जन झालं आणि आम्ही निघालो. पोरगी आँजेच्या पश्चिमेला नाँत शहरात नोकरीला आहे. चौकशी तिनं केली, पैसे आम्ही भरले.

या मार्गाला तिकडं ‘ला ल्वार आ व्हेलो’ म्हणतात. नेव्हेर शहराजवळच्या क्युफी गावापासून अटलांटिकच्या काठापर्यंत साधारण ९०० किलोमीटर. अटलांटिकपासून काळ्या समुद्रापर्यंत जाणारा युरोव्हेलो ६ नावाचा मोठा सायकलमार्ग आहे, त्याचाच हा पश्चिमेकडचा भाग. ९०० पूर्ण करायची काही गरज नाही. ब्ल्वापासून आँजेपर्यंतचा तुकडा सगळ्यात भरलेला आहे. सुली ते शालोन हे ल्वारचं खोरं २००० साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलं, ते एखाद्या इमारतीसाठी नाही, नदी आणि तिच्या काठची गावं, शेतं, बांध, महाल या सगळ्यासाठी मिळून.

रस्ता कसा आहे? कुठं नदीच्या बांधावरून, कुठं द्राक्षांच्या मळ्यांमधून, कुठं गावातल्या शांत रस्त्यावरून मोटारींच्या बरोबरीनं. थोडा भाग बारीक खडीचा. प्रत्येक फाट्यावर हिरव्या-पांढऱ्या रंगाची पाटी, तिच्यावर सायकलचं चित्र, बाण आणि पुढच्या गावाचं अंतर. ज्या फाट्यावर पाटी लागणार असं वाटावं त्या फाट्यावर ती असतेच. मोबाईल खिशातच राहिला. मागून येणारा मोटारवाला दम धरतो, समोर मोकळं दिसलं की लांबून वळसा घेऊन पुढं जातो, हॉर्न वाजवत नाही. खानापूर रस्त्यावर ऊसाच्या ट्रॅक्टरच्या आडून सायकल काढणाऱ्या माणसाला हे किती मोठं आहे ते मी वेगळं सांगायला नको. सौ. पहिल्या दिवशी दर मिनिटाला मागं वळून बघत होत्या. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ते थांबलं.

एक गोष्ट मात्र आधी ठरवून घ्या, दिशा. नदीचा उतार पश्चिमेकडं आणि वारा बहुतेक दिवस पश्चिमेकडूनच. उतार इतका बारीक आहे की पायाला कळत नाही, वारा मात्र छातीला लागतो. आम्हाला शेवटी लेकीकडं जायचं होतं म्हणून आम्ही पश्चिमेकडंच गेलो. तुम्हाला तसं बंधन नसेल तर आँजेहून सुरू करून ब्ल्वाकडं या, वारा पाठीशी राहील.

आता सायकल. ब्ल्वाला ताब्यात मिळाली तशी मी ती उलटी केली आणि दोन्ही चाकं फिरवली. रिम कुठंच आऊट, म्हणजे वाकडी, नव्हती. स्पोक चिमटीत धरून दाबले, ताण सगळीकडं सारखा. भाड्याच्या सायकलीचं चाक इतकं सरळ ठेवायचं म्हणजे दर फेरीनंतर कुणीतरी ते स्टँडवर चढवत असणार. अॅल्युमिनियमची फ्रेम, मडगार्ड, मागं भक्कम कॅरिअर, पुढच्या चाकाच्या मधोमध, हबमध्येच डायनामो, म्हणजे चाक फिरतंय तोवर दिवा. टायरच्या आत पंक्चर अडवणारा जाड थर होता. खडीच्या रस्त्यावर आणि काट्याकुट्यांतून गेलो, हवा तेवढीच राहिली. ट्यूबला बारीक मानेचा व्हॉल्व्ह असतो, आपल्या पंपाचं तोंड त्यावर बसत नाही. पंप, जादा ट्यूब, टायर काढायच्या पट्ट्या हे सगळं ते पिशवीत घालून देतातच.

सीटची उंची त्या दुकानातल्या पोरानं पाय मोजून लावून दिली, पॅडल खाली असताना गुडघा जरासाच वाकेल इतकी. आपल्याकडं दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत म्हणून लोक सीट खाली करून घेतात. मी दुकानात रोज सांगतो की गुडघे त्यानंच जातात, पण ऐकणारे कमी. सौ.ची सीट त्यानं उंच केली तेव्हा त्या घाबरल्या, अहो पडेन म्हणाल्या. दोन तासांनी त्यांनीच सांगितलं, गुडघा बोलत नाही आज.

त्यांची सायकल मोटरची होती. युरोपात अशा सायकलीची मोटर २५० वॉटची असते, ताशी २५ किलोमीटरच्या वर गेलात की मदत बंद होते, आणि पॅडल मारणं थांबवलं तर मोटरही थांबते. म्हणजे व्यायाम होतो, चढाला मात्र कुणीतरी पाठीला हात लावल्यागत वाटतं. पन्नाशीच्या पुढच्या जोडप्यांनी निदान एकानं तरी अशी सायकल घ्यावी असं माझं स्पष्ट मत आहे. अडचण एकच, वजन. जवळजवळ २५ किलो. लहान स्टेशनांवर लिफ्ट नसेल तर जिन्यानं ती चढवणं दोघांचं काम आहे. साध्या सायकलीचं भाडं दिवसाला साधारण १५ ते २० युरो, मोटरच्या सायकलीचं त्याच्या दुपटीच्या आसपास.

माझ्या सायकलीत एक दोष निघाला. गिअरची केबल सैल होती, त्यामुळं चढाला चेन एका दातावरून दुसऱ्यावर उड्या मारायची. मागं चेन एका चकतीवरून दुसरीवर ढकलणारा डिरेलर असतो, त्याच्याजवळ केबल ताणायचा बारीक स्क्रू असतो, तो अर्धा फेरा फिरवला आणि काम झालं. पण सगळ्यांना ते जमेल असं नाही. सायकल घेताना चढावर नेऊन सगळे गिअर एकदा टाकून बघा आणि मगच सही करा.

आता ती कंपनी. नाव घेत नाही. एक काम तिनं फार चांगलं केलं. व्हिसासाठी रोजच्या मुक्कामाचा कागद लागतो. सगळ्या रात्रींची यादी एकाच पत्रावर असल्यानं राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं बेंगळुरूला जाऊन आलो तेवढंच, पुन्हा फेरा पडला नाही. व्हिसाची फी माणशी ९० युरो, वर व्हिसा केंद्राचा आकार वेगळा. दुसरं चांगलं काम म्हणजे सामान. सकाळी बॅगा खाली ठेवायच्या, संध्याकाळी त्या पुढच्या मुक्कामावर. सायकलवर फक्त पाणी, रेनकोट आणि डबा. या वयात यासारखं सुख नाही.

पण मुक्काम निवडण्यात त्यांनी काटकसर केली, ती आमच्या माथी. एका रात्री नदीपासून लांब, हमरस्त्याला लागून असलेल्या हॉटेलात टाकलं. रविवारची संध्याकाळ, आसपास खायला काही उघडं नाही. सोबतची भाजणी नसती तर उपाशीच झोपावं लागलं असतं, तिथल्या स्वयंपाकघरात विनंती करून थालीपीठ लावलं. आम्ही शाकाहारी आहोत हे पैसे भरतानाच लिहून दिलं होतं, ते पुढं कुणालाच कळवलेलं नव्हतं. एकदा बॅगा रात्री जेवणाच्या वेळेला आल्या, तोवर घामाच्या कपड्यांत बसून राहिलो. फोन केला तर कचेरीची वेळ संपलेली. एवढे पैसे घेणाऱ्यांनी संध्याकाळी फोन उचलायलाच हवा.

म्हणून माझा सल्ला असा. सायकल भाड्यानं घ्या, सामान पोहोचवायची सेवा घ्या, मुक्काम मात्र स्वतः निवडा. त्यासाठी ‘आक्वेय व्हेलो’ ही पाटी ओळखून ठेवा. ती ज्या घरावर किंवा हॉटेलावर असते ते सायकलमार्गापासून ५ किलोमीटरच्या आत असतं, सायकल कुलपात ठेवायला जागा असते, दुरुस्तीची हत्यारं असतात आणि सायकलवाल्याला पोटभर न्याहारी मिळते. आम्ही शेवटचे मुक्काम लेकीकडून असे करून घेतले आणि फरक लगेच जाणवला. एका शेतघरी म्हातारीनं आमच्या सायकली स्वतः ढकलत गोठ्यात नेऊन ठेवल्या. आम्ही तिला बेळगावचा कुंदा, म्हणजे आमच्याकडची दुधाची मिठाई, दिली. तिनं एक तुकडा खाल्ला, डबा बंद केला आणि नातवांसाठी म्हणून कपाटात वर ठेवला.

रेल्वेचं कौतुक करावं तेवढं थोडं. ब्ल्वा, तूर, सोम्यूर, आँजे ही सगळी गावं एकाच रेल्वेमार्गानं जोडलेली आहेत. लाँजेला पाऊस लागला तेव्हा आम्ही सायकली घेऊन सरळ गाडीत चढलो. डब्यात चाक अडकवायचे हुक, सायकलीचं वेगळं तिकीट नाही. उन्हाळ्यात काही गाड्यांना सायकलची जागा आधी राखून ठेवावी लागते, तेवढं बघून घ्या.

महालांबद्दल बोलायचं तर पहिला शाँबोर. ब्ल्वाहून जंगलातून सायकलनं जाता येतं. भोवतालच्या राखीव रानाला ३२ किलोमीटर लांबीची भिंत आहे, तिच्या आत शिरल्यावरही बराच वेळ महाल दिसत नाही. राजा पहिला फ्राँस्वा यानं १५१९ साली बांधायला घेतला, ४०० हून जास्त खोल्या, आणि राजा स्वतः आयुष्यात जेमतेम काही आठवडे तिथं राहिला. मधोमध दुहेरी जिना आहे. दोन पिळदार जिने एकाच खांबाभोवती गुंफलेले, एकावरून चढणारा दुसऱ्यावरून उतरणाऱ्याला भेटतच नाही, मधल्या झरोक्यांतून फक्त दिसतो. कल्पना लिओनार्डो दा विंचीची असावी असं मानतात. तो त्याच वर्षी २ मे रोजी जवळच्या आंब्वाजला वारला. मी एका जिन्यानं आणि सौ. दुसऱ्यानं असे चढलो. झरोक्यातून त्या मला खालून वर येताना दिसत होत्या, हात करत होत्या, आणि वर पोचेपर्यंत गाठ पडली नाही. दुसऱ्या महायुद्धात पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातली चित्रं वाचवण्यासाठी इथं आणून ठेवली होती, त्यात मोनालिसासुद्धा होती. शाँबोरला अर्धा दिवस द्याच.

दुसरा शनाँसो. तो ल्वारवर नाही, शेर नावाच्या तिच्या उपनदीवर आहे, आणि खरोखरच नदीवर आहे. आधी राजा दुसरा हेन्री याची प्रेयसी डियान द प्वातिए हिनं पूल बांधवला, मग राणी कातरीन द मेदिसीनं त्या पुलावर ६० मीटर लांबीचं दालन चढवलं. पहिल्या महायुद्धात त्या दालनात जखमी सैनिकांचं इस्पितळ होतं. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या ताब्यातला फ्रान्स आणि उरलेला फ्रान्स यांची सीमा शेर नदीवरून जात होती, म्हणजे दालनाचं एक दार एका मुलखात आणि दुसरं दुसऱ्या मुलखात. त्या दालनात मी बराच वेळ उभा राहिलो. सीमा म्हणजे काय ते आम्हा बेळगावच्या लोकांना कुणी शिकवावं लागत नाही. एकाच नदीची दोन काठं वेगळी कशी होतात ते तिथं पायाखाली दिसतं.

विलाँद्री बागेसाठी. १९०६ साली ख्वाकीम कार्वालो नावाच्या स्पॅनिश माणसानं हा महाल घेतला आणि जुन्या पद्धतीची बाग पुन्हा उभी केली. खाली भाजीचा मळा आहे, ९ चौकोनांत, कोबी, बीट, मिरच्या रंग बघून लावलेल्या. सौ.चं माहेर उचगावचं, घरी रताळी आणि कोबीची शेती. त्या वाफ्यांच्या कडेला बसून राहिल्या, हाताला माती लावून बघितली, आणि म्हणाल्या, “पाणी बघा किती मापात सोडलंय.” माझ्या दृष्टीनं त्या बागेचा याहून चांगला अभिप्राय नाही.

ब्ल्वाचा महाल गावातच आहे, वेगवेगळ्या काळांतल्या बांधणीचे चार भाग एका चौकात बघायला मिळतात. १५८८ साली गीझच्या सरदाराचा खून झाला तो इथंच. वेळ असेल तर जा. आंब्वाज मी बाहेरून बघितलं, तेवढं पुरलं. एका दिवसात दोन महाल केले की तिसऱ्या दिवशी सगळी सिंहासनं आणि पलंग एकसारखे दिसायला लागतात. जाताना सप्टेंबरचा तिसरा शनिवार-रविवार साधला तर उत्तम. त्या दोन दिवसांत देशभर वारसा दिन साजरा होतो, एरवी बंद असणाऱ्या इमारतीही उघडतात. एका छोट्या गावात नगरपालिकेचं सभागृह आणि घड्याळाचा मनोरा आम्हाला गावचा माणूस हौसेनं दाखवत फिरला. ते मला कुठल्याही मोठ्या महालाइतकंच आवडलं.

शाकाहारी माणसानं जेवणाची वेळ पाळावी. दुपारी १२ ते २, त्यानंतर स्वयंपाकघर बंद. सोमवारी बरीच दुकानं उघडतच नाहीत. बेकरी सकाळी गाठायची, पाव, फळं आणि बकरीच्या दुधाचं चीज घेऊन ठेवायचं. सँत-मोर नावाचं लांबट चीज मिळतं, त्याच्या मधून राय नावाच्या धान्याची काडी घातलेली असते. सोम्यूरच्या बाजूला डोंगर पोखरून केलेल्या गुहांमध्ये खाणावळी आहेत. तिथला पांढरट मऊ दगड काढून महाल बांधले, आणि खाणी राहिल्या त्यात आता दारूची पिंपं, अळंबी आणि माणसं. तिथं ‘फुए’ मिळते, भट्टीत टाकली की टम्म फुगणारी, थेट आपल्या भाकरीसारखी. गरम असतानाच फोडून आत लोणी किंवा पांढरी घेवडी भरायची. सौ.नी तीन मागवल्या आणि भट्टीवाल्याच्या बाजूला जाऊन पीठ किती सैल आहे ते बघून आल्या.

पण मला सारखी आठवते ती नदी. सप्टेंबरात पाणी कमी असतं, मधे वाळूची बेटं, त्यांच्यावर बगळे, काठाला सपाट बुडाच्या लाकडी होड्या. काँद-सँ-मार्ताँ गावाच्या वरच्या टेकडीवरून व्हियेन नदी ल्वारला मिळताना दिसते, दोन्ही पाण्यांचा रंग वेगळा. आणि काठच्या कितीतरी गावांत घरांच्या भिंतींवर, देवळांच्या दगडांवर पुराच्या खुणा कोरलेल्या आहेत. १८४६, १८५६, १८६६. काही खुणा माझ्या डोक्याच्या वर होत्या. २०१९ च्या ऑगस्टात मलप्रभा आणि घटप्रभेनं आमच्या जिल्ह्यात काय केलं ते आम्ही बघितलं आहे. अशी खूण मी आमच्याकडच्या भिंतीवर कुठं बघितली नाही. ती असायला हवी, पुढच्या पिढीनं घर कुठं बांधू नये ते तिला दगडावर वाचता आलं पाहिजे.

आणि मग तिथं सायकलवर बसल्या बसल्या डोक्यात नकाशा तयार होत गेला. मलप्रभा खानापूर तालुक्यात कणकुंबीला उगम पावते. खानापूरवरून, एम. के. हुबळीवरून, सौंदत्तीजवळच्या नविलुतीर्थ धरणातून पुढं पट्टदकल, ऐहोळे, आणि कुडलसंगमला कृष्णेला मिळते. सगळी मिळून ३०० किलोमीटरच्या आसपास. पट्टदकलची देवळं या नदीच्या काठावरच आहेत आणि १९८७ पासून जागतिक वारसा यादीत आहेत. वाटेत कित्तूर थोडंसं आत, हलशीची कदंबांच्या काळातली देवळं थोडीशी आत. ल्वारच्या काठी जे आहे ते सगळं आमच्या नदीला आहे. नाही ते फक्त फाट्यावरच्या पाट्या, सायकल ठेवायला कुलपाची खोली आणि गाडीच्या डब्यातला हुक. यातलं काहीच महालाइतकं महाग नाही. खानापूर ते हलशी एवढा एक तुकडा जरी कुणी पाट्या लावून दिला तरी मी दुकानातून सायकली द्यायला तयार आहे, हे मी मनापासून लिहितोय.

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी उरलेलं थोडं. रोज ४० ते ५० किलोमीटर सपाट रस्त्यावर चालवता आले की पुरे. तयारीला येळ्ळूरच्या राजहंसगडाचा चढ महिनाभर, आठवड्यातून काही वेळा, उतरताना ब्रेक जपून. मे-जून किंवा सप्टेंबर हेच महिने धरा. जुलै-ऑगस्टला गर्दी आणि ऊन दोन्ही. पातळ रेनकोट, भाजणी, शेंगाची चटणी आणि स्वतःच्या सवयीचा सीटकव्हर न्या, तिकडची सीट कडक असते. सायकल रोजच्या हिशोबानं न घेता आठवड्याच्या हिशोबानं घ्या, भाडं बरंच कमी पडतं, आणि एका गावात घेऊन दुसऱ्या गावात सोडता येते का ते पैसे भरायच्या आधी लेखी विचारून ठेवा.